करंट गेल्यावर

आमच्या शहापुरातल्या मागाच्या कारखान्यात ती सुताच्या कांड्या भरायला येती. आधी शर्यतीत पळायची. कोच मारायचा, घाण बोलायचा, म्हणून सोडलं. एवढंच तिनं सांगितलंय, आमीबी जास्त इचारलं न्हाय.

कुणी वरडलं की ती जागच्या जागी ताठ उभी ऱ्हाती, हात मागं, नजर जमिनीवर. मागाच्या खडखडाटात मात्र ती खुशीत असती. तिथं कुणाचं वरडणं ऐकूच येत न्हाय, आमी सगळी हातवाऱ्यांनी बोलतो.

परवा करंट गेला. माग थांबले आणि मालक आप्पांचा आवाज घुमला, "अगं ए, चहा सांगून ये की!"

ती ताठ. मी लगेच पोट पुढं काढून आप्पांची नक्कल केली. सगळी हसली, आप्पाबी.

ती हळूच म्हणाली, "माझ्या कोचची कर की."

"मी कुठं बघितलाय त्याला?"

"थांब, दावतो."

तिनं मान वाकडी केली, कमरेवर हात ठेवले. "गाढवे! पाय हाईत का लाकडं?" आवाज आधी कापला, मग चढला. शेवटी तिचं तिलाच हसू आवरेना.

शेजारची आक्का म्हणाली, "पाठव मेल्याला इकडं, कांड्या भरायला बसवतो!"

"चहा सांगून येतो," म्हणत ती पळाली. टपरी मागं पडली तरी थांबली न्हाय. करंट आलता, पण तिला कामावर बोलवायचं सोडून आप्पाच दारातनं हसत वरडत होते, "पळ गं, पळ!"

ते ऐकून ती आणखी जोरात सुटली.

चहा तेवढा राहिला.