साहेबांचा गळका खड्डा

खड्डा खणला की जेवढी माती निघते, तेवढी परत त्यात मावत नाही. थोडा ढीग उरतोच. आमच्या खड्डेवाल्या नोकरीच्या गप्पांचंही तसंच. कितीही सांगा, ढीग उरतोच!

साल एकाहत्तर-बाहत्तर. श्रीगोंद्याकडं एका साखर कारखान्याच्या कामगारांसाठी चाळी व्हायच्या होत्या, सेप्टिक टँकच्या संडासासकट. टाकीतलं पाणी शोषखड्ड्यात सोडलं तर जमीन ते पिते का, अन् शेजारच्या विहिरी नासतात का, हे बघायला जोगळेकर साहेब आले. नवे, पुण्याचे. चांगली जागा शोधून दिली तर त्यांची नोकरी पक्की, नाहीतर घरी! मी चौथी नापास, म्हणून कुदळ माझ्याकडं.

*

टेस्ट सोपी. खड्ड्यात पाणी ओतायचं, पट्टी उभी करायची, घड्याळ लावून किती उतरलं ते लिहायचं. साहेब पालथे पडून आत डोकावत.

एक म्हातारी थांबली. "काय हरवलं रं ह्यांचं?"

"पाणी, आज्जी!"

"आरं, मगाशी तुमीच वतलं न्हवं?"

"व्हय. आता ते कुठं जातंय ते बघत्यात."

म्हातारीनं साहेबांना खालीवर न्याहाळलं. "लगीन झालंय का ह्यांचं?"

*

काळ्या रानात पाणी हलेचना. साहेब डबा खायला गेले अन् मी गंमत म्हणून खड्ड्यात दोन तांबे ओतले. येऊन बघतात तर पाणी वर! चष्मा पुसला, परत बघितलं, वहीत लिहिलं, "पातळी वाढली. कारण अज्ञात."

दुसऱ्या दिवशी मी चार तांबे ओतले. तिसऱ्या दिवशी साहेब खड्ड्याच्या काठावरच डबा उघडून बसले. पाणी वाढेना!

मला म्हणतात, "सोपान, ही जमीन मला लाजते की काय?"

*

गावच्या पाटलांच्या विहिरीला खेटून गोठा अन् उकिरडा. लॅबचा कागद आल्यावर साहेब म्हणाले, "पाटील, पाण्यात नायट्रेट फार आहे. तान्ह्या बाळांना हे अजिबात पाजू नका."

पाटलांनी मला बाजूला घेतलं. "नायट्रेट म्हंजी काय रं?"

"खतातला माल, पाटील."

"म्हंजी हिरीतच खत?"

दुसऱ्या दिवशी विहिरीवर पिपं लादलेल्या बैलगाड्यांची रांग! पाटील मिशीला पीळ देत, "घ्या, सरकारनं तपासलंय!" अन् साहेब रांगेपुढं हात जोडून, "वांग्यांना घाला हो, पण बाळांना नको!"

*

परत नमुना घ्यायचा ठरला. पाटलीणबाईंनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. "सरकारला असं कच्चं पानी द्यायचं व्हय?" पाणी उकळलं, फडक्यातून गाळलं, वाळा टाकला, वर गुळाचा खडा.

लॅबचं उत्तर आलं, "नमुना गोड व सुवासिक आहे. कृपया विहिरीचे पाणी पाठवावे."

गोड आहे हे कुणी बघितलं, ते नाही लिहिलं!

*

शेवटी मुरमाड माळावर पाणी घटाघटा पिणारी जागा सापडली. दुसऱ्या दिवशी मोठे इंजिनिअर येणार. त्यांच्यासमोर खड्ड्यानं पाणी प्यायलं की साहेब पक्के.

संध्याकाळी पाटील माझ्याजवळ आले. त्या वर्षी पाऊस नव्हता. पाणी असं मातीत जाताना बघून त्यांचा जीव तुटायचा. "पोरगं चांगलंय रं. पन खड्डा लई गळतोय. उद्या मोठ्या साहेबाम्होरं इज्जत जाईल त्याची."

खरं काय ते मी सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं!

सकाळी इंजिनिअर आले. खड्डा काठोकाठ भरलेला. अर्धा तास झाला, पाणी केसभर उतरेना. जोगळेकर साहेबांचा चेहरा पांढराफटक!

पाटील छाती काढून पुढं आले. "उजाडताच चार गडी लावून गाळाशेणानं आतनं लिंपून घेतलाय. थेंब गळू देनार न्हाई, साहेब!"

इंजिनिअरनी आत हात घालून लिंपण चाचपलं अन् पोट धरून हसले. मला म्हणाले, "दोन हातांवर दुसरा खण."

एवढ्या भरभर मी जन्मात खणलं नाही. पाणी ओतलं, बघता बघता तळ दिसला. इंजिनिअरनी तिथंच सही ठोकली. साहेब पक्के! आनंदानं त्यांचे डोळे भरून आले.

पाटलांनी तो कोरडा तळ बघितला, साहेबांचे डोळे बघितले, अन् हळूच त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"रडू नका, साहेब. पयला तरी टिकला!"