सासूच्या आजारपणातले दिवस

अन्याय झाला तो भोपाळच्या नेहरू नगरातल्या आमच्या शेजारच्या काकूंवर, गेल्या पंधरा ऑगस्टला. जन्मठेपेतला त्यांचा नवरा त्या दिवशी सुटणार होता. काकू जेलच्या दारावर पोचल्या तेव्हा शिपाई म्हणाला, "अम्मा, पैरोल के दिन नहीं जुड़ते." आपल्या आईच्या शेवटच्या आजारात नवरा पॅरोलवर घरी होता. ते दिवस शिक्षेत धरलेच नव्हते. तेवढे त्याने अजून आत काढायचे.

काकू साड्यांना फॉल लावतात. ओठांत टाचण्या धरून बोलतात, म्हणून वाक्यं तोकडी. नवऱ्यासाठी नेलेला गोळाभात त्यांनी परत आणला, गरम करून आम्हालाच वाढला आणि विचारलं, "मीठ कमी पडलं का रे?"

मी संतापून बोलत सुटलो. त्यांनी टाचण्या काढून ठेवल्या. "भाषण बाद में दे. घरी होते तेव्हा रोज ठाण्यात हजेरी द्यायचे. भोपाळबाहेर जायची मनाई. मग ते सुटलेले कधी होते, एवढं सांग."

आता माघात मुलीचं लग्न आहे. त्यासाठी पॅरोल मिळू शकतो. काकू जेलमध्ये मुलाखतीला गेल्या आणि नवऱ्याला सांगून आल्या, "अर्ज करू नका. कन्यादान मामा करेल." घरी येऊन त्या मुलीच्या शालूला फॉल लावायला बसल्या.

पॅरोलचे दिवस शिक्षेत धरा, एवढीच मागणी घेऊन आम्ही हाटाच्या दिवशी बिट्टन मार्केटात उभे असतो. भाजीला तुम्ही येताच. पिशवी खाली ठेवा आणि सही करा.