हवेच्या वडिलांचं नाव

सायन्सच्या मास्तराकडे किस्से आपोआप साचत जातात. गणिताच्या मास्तराचं बरं असतं. दोन आणि दोन चार म्हटलं की कुणी ‘दाखवा’ म्हणत नाही. मी शिकवायचो हवा! जी दिसत नाही, हातात येत नाही, आणि जिचे कण म्हणे रात्रंदिवस धावत असतात. तेही भोकरदनच्या शाळेत, निजामाच्या अमदानीत, उर्दू पुस्तकातून, मराठी पोरांना. डोकं फिरायची वेळ यायची.

त्यात माझी नोकरी हंगामी. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “मोहतमीमसाहेब शाळा तपासायला येतील. त्यांना तुमचा विषय पटला तर ठीक. न्हाई तर हा घंटा फारसीला.” घंटा म्हणजे तास. फारसीला म्हणजे आमच्या मौलवीसाहेबांना. आणि मी सामान बांधून घरी! लग्न नुकतंच झालेलं, ही नोकरी मला हवी होती. त्यामुळे मी जीव तोडून शिकवत होतो. तिथंच सगळं बिघडत गेलं.

*

हवेला वजन असतं, हे दाखवायचं होतं. फुटबॉलचा ब्लॅडर आधी रिकामा तोलायचा, मग ठासून भरून तोलायचा. इतका नाजूक काटा गावात एकाकडेच, सोनाराकडे. सगळा वर्ग घेऊन त्याच्या दुकानात गेलो.

काटा झुकला! पोरांनी टाळ्या वाजवल्या. सोनारानं मात्र आधी रस्त्याकडं पाहिलं, मग घाईघाईनं काटा पेटीत घातला.

“गुर्जी, पाया पडतो, पुन्हा हे करू नका. उद्या एकेक बाई येऊन विचारीन, माझ्या पाटल्यांत हवा किती धरली?”

*

पाण्यानं काठोकाठ भरलेल्या पेल्यावर जाड कागद ठेवून तो पालथा केला, तर पाणी सांडत नाही. खालून हवा कागद दाबून धरते. वर्गात हा प्रयोग झकास झाला. नामदेव नावाच्या पोरानं तो घरी केला. पाण्याऐवजी ताक. कागद सापडला नाही म्हणून ज्वारीची भाकरी. आणि खाली चुलता बसलेला!

दुसऱ्या दिवशी नामदेवचे वडील शाळेत हजर.

“गुर्जी, एकच सांगा. शाळेतली हवा बराबर धरून ठेवती, मंग आमच्या घरची का न्हाई?”

मी म्हटलं, “अहो, हवेचा दोष नाही. भाकरी वाकली.”

“माझ्या मायनं थापलेली भाकरी हाय ती! आजपर्यंत कधी वाकली न्हाई!”

मी माफी मागितली. कुणाच्या वतीनं, ते मला अजून कळलेलं नाही.

*

मग डब्याची भानगड. घासलेटच्या रिकाम्या डब्यात थोडं पाणी उकळायचं, वाफ भरली की बूच घट्ट लावायचं आणि वरून गार पाणी ओतायचं. वाफेचं पाणी होतं, आत कण उरतात थोडे, बाहेरचे चहूकडून दाबतात, आणि डबा चेपतो. चेपला! दणदणीत आवाज झाला. तेव्हा कळलं, की तो शाळेचा पाणी भरायचा सरकारी डबा होता.

हेडमास्तर म्हणाले, “सरकारी माल आहे. डबा कोणी मोडला, लिहून द्या.”

मी चिडलो होतो. लिहून दिलं, ‘हवेनं.’

हेडमास्तरांनी ते जसंच्या तसं उर्दूत करून वरच्या दफ्तरात पाठवलं. महिन्याभरानं कागद परत आला. त्यावर लाल शेरा, ‘मुल्जिम के वालिद का नाम दर्ज नहीं. मुकम्मल करके भेजो.’ आरोपीच्या वडिलांचं नाव भरलेलं नव्हतं!

*

वैशाखात एकदा पानही हलत नव्हतं. नेमका त्या दिवशी धडा आला, हवेचे कण सतत धावतात. नामदेव उठला.

“गुर्जी, एवढे धावून राह्यले, तर मंग वारा कुठं हाय?”

“अरे, ते सगळ्या दिशांना धावतात. एकमेकांवर आदळतात. एका दिशेनं सरकले तरच वारा.”

कुणाच्या डोक्यात काही शिरेना. मी तीनदा सांगितलं, फळ्यावर बाण काढले, घसा बसला. शेवटी मौलवीसाहेब शेजारच्या वर्गातून दारात आले.

“बच्चो, तहसील कचेरी देखी है? दौडते सब हैं. काम आगे बढता है?”

सगळ्या वर्गाला एका क्षणात समजलं. माझा तास ज्यांना मिळणार होता, त्यांनीच तो घेऊन दाखवला!

*

आणि मग मोहतमीमसाहेबांची तपासणी आली. दफ्तरी भाषेत मुआयना. मी सोपा प्रयोग निवडला होता. कोपऱ्यात अत्तराची बाटली उघडायची, आणि ज्याला वास येईल त्यानं हात वर करायचा. कण कसे पसरत जातात ते रांगेरांगेनं दिसणार. वाऱ्यानं घोटाळा नको म्हणून खिडक्या गच्च बंद. सरावात कुणी बूच काढायच्या आधीच हात वर करी, कुणी शेजाऱ्याचं पाहून. मी ओरडून ओरडून सांगितलं, “खरा वास आला तरच हात!”

पाहुण्याला दारातच अत्तर लावायची आपली रीत. हेडमास्तर रीतीला पक्के. त्यांनी फाटकापाशीच साहेबांच्या दोन्ही मनगटांना, रुमालाला, शेरवानीच्या कॉलरला अत्तर चोपडलं. मला पत्ता नाही!

साहेब वर्गात आले. माझ्या बाटलीचं बूच अजून घट्ट. दाराजवळच्या रांगेचे हात वर गेले. साहेबांना वाटलं सलाम. त्यांनी सलाम केला. मग दुसरी रांग. पुन्हा सलाम. मग तिसरी. इतका सुंदर क्रम सरावात मला एकदाही मिळाला नव्हता! फक्त हात खाली येईनात.

“ये हाथ क्यों उठे हैं?”

शेवटच्या रांगेतून नामदेव उठला.

“साहेब, तुमचा वास आला!”

हेडमास्तरांनी भिंत धरली. साहेबांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, माझ्या बाटलीकडे, बंद खिडक्यांकडे, आणि बाहेर गेले. बायकोला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव सुरू केली.

तासाभरानं शेऱ्याची वही आली. साहेबांचं घाईत खरडलेलं उर्दू मला लागेना. मौलवीसाहेबांपुढे धरली. त्यांनी आधी मनात वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं, आणि मग मोठ्यानं,

“साइन्स का घंटा जारी रहे. आइंदा मुआयने के वक्त खिडकियाँ खुली रखी जाएँ.”