बाळंतिणीच्या खोलीचं दार
लेकीच्या सासूनं बाळंतिणीच्या खोलीच्या दारात पोतं कोंबलं, शेगडीवर ओवा आणि बाळंतशेपा टाकला, धूर उठला, आणि मला पांढुर्ण्याच्या मामाच्या घरामागची टिनाची खोली आठवली. ऐंशीनंतरची ती वर्षं. मामा संत्र्यांच्या धंद्याला जोड म्हणून अल्सेशियन कुत्र्या पाळायचे आणि पिल्लं नागपूरच्या गिऱ्हाइकांना विकायचे. एका हिवाळ्यात त्यातली सगळ्यात शहाणी कुत्री व्याली, तर मामीनं तिचं अगदी माणसासारखं बाळंतपण मांडलं. दाराच्या फटीत पोतं कोंबलं, धुरी दिली, डिंकाचा शिरा हातानं भरवला. कुत्री मात्र दाराशी उभी राहून कण्हायची, खोलीत घाण करायची तिला सवयच नव्हती. मामा म्हणाले, "तिले जराशी फिरू दे ना वं." मामी म्हणाली, "बाळंतीण हाय ते. वारं लागन तिले." बाळंतपणाच्या गोष्टीत घरात मामीचाच शब्द चालायचा. मग कुत्रीला ताप चढला, थानं दगडासारखी टणक झाली. सौसरहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी आधी ते दार उघडलं. म्हणाले, "पाजणाऱ्या कुत्रीला रोज थोडं थोडं फिरवायचं असते. कोंडून काहून ठेवली?" मामीनं हातातली शिऱ्याची वाटी खाली ठेवली. संध्याकाळी कुत्री गेली, उघड्या दाराकडं तोंड करून. पिल्लं मामीनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवली, पण त्या खोलीचं दार तिनं पुन्हा लावलं नाही. आज लेक म्हणाली, "आई, जराशी अंगणात जाऊ काय?" तिची सासू वाऱ्याचं काही सांगून राहिली होती. मी नातीला मांडीवर घेतलं आणि पायानं दारातलं पोतं बाजूला सारलं.