चाचांनी निवडलेलं डिफरन्शियल

"बॉनेट तुम्ही उघडा," असं म्हणून चाचा हाताची घडी घालून दोन पावलं मागे सरकायचे. हडपसरला भाजी मंडईच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री आळशी दिसतोय. पण खटका शोधायला माणूस किती वेळ लावतो, बॉनेट आपटतो की हाताने दाबून लावतो, यावरून ते बरंच काही ओळखायचे. गाडीच्या आधी मालकाला तपासणारी अशी माणसं तुम्हीही कुठे ना कुठे पाहिली असतील.

सगळे त्यांना चाचा म्हणत. घराणं कित्येक पिढ्या पुण्यातलं. आजोबा टांग्यांची चाकं बांधायचे, वडील ट्रकचे गिअरबॉक्स. जीभही अस्सल पुणेरी. एका हौशी मुलाने डिकीवर मोठा पंख बसवून मागितला, तेव्हा म्हणाले, "बसवतो की. पण उडाली तर जबाबदारी माझी नाही." त्याने पंख काही बसवला नाही.

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो. बिबवेवाडीला आईबरोबर राहायचो, कंपनीत संगणकापुढे बसायचो आणि उरलेला जीव एका छोट्या गाडीत घातला होता. वाघोलीच्या पुढे एका पडीक शेतात आमचा मातीचा ट्रॅक होता. एकेक गाडी सोडायची आणि वेळ मोजायची, असा तो खेळ. त्या वर्षी शेवटच्या फेरीत जो पहिला येईल, त्याला एका मोठ्या संघात जागा मिळणार होती. ती जागा मला हवी होती. दुसरं काही सुचतच नव्हतं.

अडचण एकच होती. वळणावर आतलं चाक नुसतं गरगर फिरायचं आणि गाडी पुढे सरकायची नाही. चाचांनी कारण सांगितलं, इंजिनाची ताकद दोन चाकांत वाटणारं डिफरन्शियल. "कंपनीचं डिफरन्शियल असंच असतं. जे चाक काम टाळतं, त्यालाच सगळी ताकद मिळते. सरकारी ऑफिसात काय वेगळं असतं?" यावर उपाय म्हणजे दोन्ही चाकांना कामाला लावणारं डिफरन्शियल बाहेरून मागवायचं. त्याचे दोन प्रकार. एकात प्लेटा एकमेकींवर दाबल्या जातात. ते दांडगं, एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याला ओढायला लावतं. दुसऱ्यात नुसते गिअर. ते शांत आणि गुळगुळीत, पण चाक पूर्ण उचललं गेलं की हात वर करून मोकळं होतं.

आमचा ट्रॅक खाचखळग्यांचा. तिथे चाक उचललं जाणार हे शेंबडं पोरही सांगेल. मी प्लेटवालं ठरवूनच गेलो होतो. चाचांनी नेहमीप्रमाणे मला बॉनेट उघडायला लावलं आणि म्हणाले, गिअरवालं मागवा. मी तासभर वाद घातला. माझ्या गॅरेजमध्ये या गाडीला प्लेटा बसणार नाहीत, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. त्यांच्याइतका गिअरबॉक्सचा जाणकार माझ्या ओळखीत दुसरा नव्हता. शेवटी मी धुसफुसत मान्य केलं.

शेवटच्या फेरीला चाचा हत्यारांची पेटी घेऊन स्वतः आले होते. दोन वळणं मी अशी मारली की मलाच खरं वाटेना. तिसऱ्या वळणावर उंचवटा होता. तिथे आतलं चाक हवेत गेलं, इंजिन बोंबललं आणि गाडी म्हातारीसारखी बसून राहिली. मी चौथा आलो.

सगळे गाडीभोवती जमले. माझा मित्र निखिल आणि बाकीचे गॅरेजवालेही होते. त्यांच्यातल्या एकाने मुद्दाम मोठ्याने विचारलं की या ट्रॅकला हे डिफरन्शियल कोणी निवडलं. मी खाली बघत उभा राहिलो.

"मी निवडलं," चाचा म्हणाले. "चूक माझी आहे."

एका नटाचीही चूक कधी कबूल न केलेला माणूस तो.

परत येताना गाडीत मी त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. तुम्हाला हे होणार हे माहीत होतं, असं म्हणालो. ते हो म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत सावकाश बोलले.

"प्लेटवालं स्टेअरिंगला झटके मारतं. तुमचा उजवा हात ते झटके पेलणार नाही. बॉनेटची दांडी तुम्ही डाव्या हाताने लावता, उजवा नुसता टेकवता. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मोटरसायकलवरून पडून माझं मनगट मोडलं होतं आणि आत धातूची पट्टी घातलेली होती. ट्रॅकवर हे कोणालाच ठाऊक नव्हतं. स्पर्धेच्या फॉर्मवर जुनी दुखापत या रकान्यात मी "नाही" लिहिलं होतं. चाचांनी सगळ्यांसमोर खरं कारण सांगितलं असतं, तर माझं नाव तिथल्या तिथे कापलं गेलं असतं.

मग मला एकट्याला आधी का सांगितलं नाही, असं मी विचारलं.

"सांगितलं असतं तर दुसरीकडे जाऊन बसवून घेतलं असतंत. घरी आई आहे ना तुमची? त्यांना काय तोंड दाखवलं असतं मी?"

यानंतरचं सांगायची मला लाज वाटते. चाचा चुकले, ही बातमी महिन्याभरात सगळीकडे झाली. ट्रॅकवरच्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या बंद झाल्या. गॅरेजमध्ये रिक्षा आणि टेम्पो तेवढे दिसू लागले. माझ्या एका वाक्याने हे थांबलं असतं. पण पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचा होता, म्हणून मी गप्प बसलो. पुढच्या वर्षी नोकरी बदलली, मग लग्न झालं, गाडी विकली. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी मी बोललो नाही. कधी गेलो तर चाचा चहा मागवायचे, आईची चौकशी करायचे. त्या दिवसाचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

ते गेल्याचं मला निखिलनेच कळवलं. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. बाहेरच्या खोलीत दहाबारा माणसं होती, बरीचशी गॅरेजवाली. जुन्या आठवणी निघाल्या आणि निखिल हळहळत म्हणाला, "एवढा मोठा मिस्त्री, पण तुझ्या गाडीच्या वेळी चुकले बघ."

मी बाही वर केली, मनगटावरचा व्रण दाखवला आणि सगळं सांगून टाकलं. चाचांचा मुलगा पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता. त्याला मी विचारलं, घरी तरी त्यांनी हे सांगितलं असेल ना.

"नाही," तो म्हणाला. "आम्ही विचारायचो, अब्बा, असं कसं झालं? ते म्हणायचे, वय झालं, चुकतो माणूस. अम्मीला ते खरंच वाटलं. तेव्हापासून तिने त्यांना गिअरबॉक्सचं काम घेऊच दिलं नाही."

ग्लास खाली ठेवून तो आत गेला. आतल्या खोलीच्या दाराला पडदा होता, त्यामागे बायका बसल्या होत्या. थोड्या वेळाने तो बाहेर आला.

"अम्मी म्हणतेय, तुम्ही पुन्हा एकदा सांगा. तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मी उठून पडद्याजवळ गेलो आणि पहिल्यापासून सांगायला लागलो.