चवीच्या वहीवर सही

तेर गावाजवळच्या आमच्या वस्तीवरच्या शाळेत गौरी खिचडी शिजवते. मी तिथंच शिक्षिका होते; माझ्या निवृत्तीआधीची तीन वर्षं मी तिला जवळून पाहिलं. मीठ कधी चुकलं नाही तिचं. कोणत्या पोराला तिखट सोसत नाही, हेही तिला पाठ.

मात्र दर महिन्याला पाळीआधी आठवडाभर तिची छाती दुखायची. दोन्ही बाजू जड व्हायच्या, पदर लागला तरी नको व्हायचं. पाळी आली की थांबायचं. त्या दिवसांत मोठं पातेलं उतरवताना ती ओठ चावायची. जोडीला असलेल्या सरुबाईला तिनं हे विश्वासानं सांगितलं. सरुबाईनं काळजीपोटी घरी सांगितलं, आणि चार दिवसांत वस्तीभर झालं, गौरीला कॅन्सर आहे.

गौरी धाराशिवला जाऊन तपासून आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ नाही. पाळीआधी पुष्कळ बायकांना असं दुखतं. पाळीनंतरही थांबलं नाही तर लगेच या."

पण तोवर शाळा समितीचे अध्यक्ष उत्तरेश्वर खिचडी शिजवायला दुसरी बाई बघू लागले होते.

पोरांच्या आधी मोठ्या माणसानं खिचडी चाखून वहीत सही करायची, असा नियम आहे. एक दिवस चाखायला अध्यक्ष आले. गौरीनं पुढं केलेली ताटली त्यांनी बाजूला सारली.

"गौरे, तू आता घरी आराम कर. लेकरांच्या जिवाचा सवाल हाय."

"मला काय झालंय?"

"ते चारचौघांत कसं बोलावं?"

"वस्तीभर बोलताना लाज न्हाय वाटली? छाती दुखती माझी. पाळीच्या आधी दुखती. तुमच्या घरातबी दुखत आसंल कुणाची, इचारलं का कधी? आन् कॅन्सर आसता, तरी त्यो खिचडीतून लागतो व्हय?"

सरुबाई रडायला लागली.

"तू गप, मावशी. तुझं मागून बघते."

पोरं ताटं घेऊन रांगेत उभी होती. गौरीनं ताटली पुन्हा अध्यक्षांसमोर धरली. "खावा. न्हायतर वहीत लिव्हा, खिचडी नासली म्हणून."

उत्तरेश्वरांनी खाल्लं. सही केली.

"आता उचला पातेलं. आठ दिवस म्या हात लावणार न्हाय."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणाले, "फडकं घ्या. कडा तापलेल्या असतात."

एका बाजूला अध्यक्ष, दुसऱ्या बाजूला सरुबाई, असं पातेलं रांगेपाशी आलं.

दुसरी बाई काही आली नाही. सरुबाईशी मात्र गौरी दिवाळीपर्यंत बोलली नाही.