एस्तेरअक्काची चाल

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय – कोण जाणे. तुम्ही आमच्या मंडळीतले नाही, म्हणजे आमच्या चर्चचे नाही, म्हणून जीभ जरा सुटते एवढंच.

धुळे-जळगावकडच्या एखाद्या हळदीला गेला असाल, तर माझ्या एका गाण्यावर तुम्ही नाचलाही असाल. मी देवपुरात राहतो. अहिराणी गाण्यांना चाली लावतो, लग्नात कीबोर्ड वाजवतो, आणि रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम. लोक विचारतात, दोन्ही कसं जमतं रे? मी म्हणायचो, बोटं तीच, चर्चमध्ये फक्त चपला काढून बसायचं. फार हुशार उत्तर वाटायचं मला ते.

तर – ते गाणं. व्हिडिओखाली 'संगीत' म्हणून माझं नाव आहे. त्या गाण्यानं रस्त्यात लोक मला हात करायला लागले. आवडायचं मला ते, खोटं कशाला बोलू? खोटं बोलून झालंय माझं.

एस्तेरअक्का मूळची सोनगीरची, दवाखान्यात आया होती. चर्चमध्ये गाणं तीच उचलायची. मला हार्मोनियमवर पहिल्यांदा बसवलं तेही तिनंच. तिची लेक वारली, तेव्हा वर्षभर ती गायलीच नाही. मग एका दुपारी मला घरी बोलावलं आणि स्वतः बांधलेलं एक गीत म्हणून दाखवलं. प्रभूला उद्देशून, अहिराणीत – तू संगे शे, मंग मी एकली कशी. तू सोबत आहेस, मग मी एकटी कशी. चाल खाली उतरता उतरता एकदम वर जायची, रडणाऱ्या बाईनं पदर सावरून उठावं तशी. कापणीच्या सणाला म्हणू, तोवर तू बसव, म्हणाली. कागदावर काहीच नव्हतं. तिला सूर लिहिता येत नव्हते. मला येत होते.

सणाला दोन महिने होते. जळगावच्या स्टुडिओत माझं रेकॉर्डिंग मात्र आठ दिवसांवर आलेलं, आणि हाती चाल नाही. आता कळलंच असेल तुम्हाला. लय वाढवली, ढोल घातला, प्रभूच्या जागी नवरदेव बसवला. वाटलं, अक्का कुठं हळदीत नाचायला जाते? तिचा फोनही साधा. पण सण यायच्या आत गाणं गावोगाव पोचलं. तेव्हा तरी तिला सांगायचं ना? नाही सांगितलं. सणाच्या सकाळी मी गुपचूप हार्मोनियमवर बसलो आणि तिला सूर दिला.

माझी लेक गेल्यावर प्रभूनं मला हे गीत दिलं, असं सांगून ती डोळे मिटून गायला लागली. दुसऱ्या ओळीला पोरी हसल्या. एकीचे खांदे हलायला लागले. अक्काला वाटलं, आवाज पोचत नाहीये. तिनं आवाज वाढवला.

उपासनेनंतर पंच बसले. नाचायची चाल देवाघरात आणलीच कशी? वर लेकीच्या नावानं खोटं? कोणीतरी फोनवर माझं गाणं लावलं. अक्कानं ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि शेवटपर्यंत ऐकलं. मग पाळकसाहेब माझ्याकडे वळले. आमच्याकडे गीत छापील पुस्तकात नसलं, तर ते कुठून आलं हे हार्मोनियमवाल्यालाच विचारतात.

मी काय म्हणालो? म्हणालो, "प्रॅक्टिसला माझ्याकडं येतात ना त्या. कानावर पडलं असेल."

एवढंच. त्यात 'असेल' होतं, म्हणजे पुरतं खोटं नाही – असं मी स्वतःला कितीतरी दिवस सांगत होतो. आता त्याचीही लाज वाटते.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. ती भांडली असती तर मी कबूल केलं असतं, असं वाटतं. की तेव्हाही नसतं केलं? ती पंचांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या भाऊ. मीच ऐकं व्हई." मीच ऐकलं असेल. मग दाराशी जाऊन तिनं चपला घातल्या आणि निघून गेली.

पुढची नऊ वर्षं ती मागच्या बाकावर बसली. गीताच्या वेळी उभी राहायची, तोंड मिटून. कबूल न केलेलं पाप मनात ठेवून प्रभुभोजनाची भाकर घ्यायची नसते. त्या वेळी मी वाजवत राहतो, म्हणून मी ती घेत नाही हे कोणाच्या ध्यानात आलेलं नाही. तिच्या आलं असावं. तिनं कधी विचारलं नाही, आणि मीही तिच्या घराची पायरी पुन्हा चढलो नाही.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेली. शवपेटीला मी खांदा दिला होता. कब्रस्तानाच्या अलीकडच्या चौकात समोरून वरात आली, आणि डीजेवर तेच गाणं. मयत दिसताच त्यांनी ते मध्येच बंद केलं, आपल्याकडे करतात तसं. लोक बाजूला झाले, काहींनी हात जोडले. डीजेवाला मला ओळखत होता. जवळ येऊन हळूच म्हणाला, "माफ करा दादा, तुमचंच गाणं चालू होतं."

खांद्यावर अक्का होती. मी मान हलवली – हो म्हणून.